रेस, सळई आणि किकडाउन : जुन्या गाडीच्या जोडणीचा खरा खर्च

उज्जैनच्या फ्रीगंजचा पूल चढताना अ‍ॅम्बॅसेडर दम टाकते. टॉवर चौकात पद्मिनी थांबली, पाय पेडलवरून काढला, तरी इंजिन ओरडत राहतं. एखाद्या बंगल्यात जपून ठेवलेली ऑटोमॅटिक मर्सिडीज गियर बदलताना पाठीत गुद्दा मारल्यासारखा झटका देते. तक्रारी तीन आणि गॅरेजमधली उत्तरं दोनच : ‘कार्ब्युरेटर खोलना पड़ेगा’ किंवा ‘गियरबॉक्स गया’. पहिल्या उत्तराचं बिल हजारांत जातं, दुसऱ्याचं लाखात. पेडल आणि इंजिन यांना जोडणारी सळई किंवा केबल, तिचे सांधे, तिच्या स्प्रिंगा या सगळ्यांची किंमत मात्र शेकड्यांत मोजली जाते, आणि नेमकं तिकडेच कुणी बघितलेलं नसतं.

हे मार्गदर्शन त्या जोडणीबद्दल आहे. तिच्यात काय बिघडतं, ते घरच्या घरी कसं ओळखायचं, उज्जैनमध्ये कोणतं काम होतं, कशासाठी इंदूर किंवा मुंबई गाठावी लागते आणि किती पैसे तयार ठेवायचे, हे क्रमाने पाहू. एक गोष्ट आधीच सांगतो : या कामात सुटा भाग स्वस्त असतो, महाग असते ती जुळवणी. म्हणून मिस्त्रीशी पैसे ठरवताना भागाच्या किमतीवर घासाघीस करू नका. तो जुळवणीला किती वेळ देणार आणि शेवटी काय तपासून दाखवणार, यावर बोला.

तुमच्या गाडीत नेमकं काय आहे?

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्या हातगियरच्या. उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत बनत राहिलेली अ‍ॅम्बॅसेडर, कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट अकराशे आणि पुढे तिचीच झालेली प्रीमियर पद्मिनी, स्टँडर्ड हेराल्ड, महिंद्राची जीप. यांच्यात पेडलकडून कार्ब्युरेटरकडे जाणारी ‘रेस’ची जोडणी असते. काहींत ती लोखंडी सळया आणि बॉल जॉइंटची, तर काहींत सायकलच्या ब्रेकसारखी आवरणातून जाणारी तार. अ‍ॅम्बॅसेडर आणि पद्मिनीचा गियरचा दांडा वर्षानुवर्षं स्टिअरिंगच्या खांबावर होता. त्यामुळे गियरबॉक्सपर्यंत जाणारी सळयांची आणखी एक साखळी या गाड्यांत सापडते. तिचे बुश झिजले की काय होतं, ते जुन्या चालकांना पाठ आहे : पहिला आणि रिव्हर्स यांच्यामध्ये गियर अडकतो आणि बॉनेट उघडून हाताने दांडे सरळ करावे लागतात.

किकडाउन ही भानगड फक्त ऑटोमॅटिक गाड्यांची. भरधाव ओव्हरटेक करताना पेडल तळापर्यंत दाबलं की गियरबॉक्सने एक गियर खाली उतरावं, हा निरोप पोहोचवणारी सळई, केबल किंवा विजेचा स्विच म्हणजे किकडाउन. आपल्या भागात अशा जुन्या गाड्या मोजक्याच आहेत. वकिलातींच्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जायच्या, त्या काळापासून घरात राहिलेली एखादी इम्पाला, डब्ल्यू १२३ जातीची मर्सिडीज, एखादी जग्वार किंवा रोव्हर. गाड्या थोड्या असल्या तरी सर्वांत मोठी बिलं याच गाड्यांवर येतात. म्हणून पुढे किकडाउनला वेगळी जागा दिली आहे.

आधी फुकटची तपासणी

गॅरेज गाठण्यापूर्वी घरच्या अंगणात पंधरा-वीस मिनिटं द्या. इंजिन बंद ठेवा, कारण चालू इंजिनच्या पंख्याजवळ हात घालून ही तपासणी करायची नसते.

पहिलं, पायाखालचं पायपुसणं काढा. जाड रबरी मॅट किंवा नव्याने टाकलेला गालिचा पेडलला तळापर्यंत जाऊ देत नाही. काही वेळा मॅटची कड पेडलवर चढून रेस अडकवते. हे जीवघेणं ठरू शकतं आणि दुरुस्तीला एक पैसाही लागत नाही.

दुसरं, एअर क्लीनर काढून घरातल्या कुणाला तरी पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि कार्ब्युरेटरच्या तोंडातून आत बघा. चोक उघडा हवा. पेडल तळाला टेकल्यावर खालची बटरफ्लाय पट्टी उभी, म्हणजे हवेच्या वाटेला समांतर झाली पाहिजे. ती तिरकी राहिली तर गाडी तुम्हाला कधीच पूर्ण ताकद देत नव्हती. पूल चढताना पिकअप न मिळण्याचं कारण इथेच सापडलं, की कार्ब्युरेटर उघडण्याचा खर्च वाचला. डिझेल गाडीत हीच तपासणी इंजेक्शन पंपाच्या लिव्हरवर करायची. पेडल तळाला असताना लिव्हर आपल्या थांब्याला टेकते का, ते पाहायचं.

तिसरं, पेडल सोडायला सांगा. पट्टी झटकन मिटली पाहिजे. ती रेंगाळली तर कार्ब्युरेटरजवळची सळई किंवा केबल तात्पुरती मोकळी करून कार्ब्युरेटरची लिव्हर हाताने हलवा. लिव्हर मोकळी फिरत असेल तर दोष केबलमध्ये किंवा पेडलच्या बिजागरीत. लिव्हरच जड असेल तर कार्ब्युरेटरची शाफ्ट किंवा तिच्यावर बसलेला चिकटा कारणीभूत. एवढ्या एका चाचणीने बिल अर्ध्यावर येतं, कारण मिस्त्रीला नेमकं ठिकाण सांगता येतं.

चौथं, लिव्हरची शाफ्ट बोटांनी वरखाली हलवून पाहा. खडखड जाणवली तर बुश झिजले आहेत आणि तिथून फुकटची हवा आत शिरते. मग आयडलिंग कितीही लावलं तरी स्थिर राहत नाही.

पाचवं काम जवळजवळ सगळे विसरतात : इंजिनचे फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते रबर, बघा. सळयांची जोडणी असलेल्या गाडीत पेडल बॉडीला आणि कार्ब्युरेटर इंजिनला बांधलेला असतो. रबर फाटलं की जोर लागताच इंजिन कलतं आणि सळई आपोआप ओढली किंवा ढकलली जाते. क्लच सोडताना गाडी उड्या मारत निघते, तेव्हा क्लचप्लेट बदलण्याआधी हे रबर पाहावं. १९७१ साली जनरल मोटर्सला सुमारे ६७ लाख गाड्या याच कारणाने परत बोलवाव्या लागल्या होत्या. माउंटिंग तुटून इंजिन उचललं जाई आणि थ्रॉटल, म्हणजे हीच बटरफ्लाय पट्टी, उघडाच अडकण्याचा धोका निर्माण होई. तुमच्याकडे साठच्या दशकातली शेव्हरोले असेल तर ही तपासणी आज करा.

सळई की केबल?

जोडणी नवी करायची वेळ आली की गॅरेजमध्ये हमखास सुचवलं जातं : ‘सळयांची कटकट काढून टाका, मोटरसायकलची वायर टाकून देतो.’ सल्ला स्वस्त असतो आणि कधीकधी बरोबरही. पण तोटे समजून घ्या.

सळया जवळजवळ कायम टिकतात. झिजतात ते बॉल जॉइंट आणि बुश, आणि ते बदलता येतात. मूळ सळया असतील तर त्या ठेवणंच शहाणपणाचं. उघडण्यापूर्वी प्रत्येक सळईची एका सांध्याच्या मध्यापासून दुसऱ्या सांध्याच्या मध्यापर्यंतची लांबी मोजून कागदावर लिहा आणि फोटो काढून ठेवा. हे केलं नाही तर जुळवणीत अख्खा दिवस जातो आणि मजुरी वाढते.

केबलचा फायदा असा की इंजिन हललं तरी रेस हलत नाही. मात्र तिला तीन अटी असतात. वळणं मोठी आणि मोजकी हवीत. एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डपासून ती लांब हवी, नाहीतर आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळतं. आणि आवरणाची दोन्ही टोकं पक्क्या ब्रॅकेटमध्ये बसलेली हवीत. टोक सैल असेल तर पेडल दाबल्यावर तारेऐवजी आवरणच सरकतं.

तार बनवून घेताना निपल झाळून म्हणजे सोल्डर करून मागा. स्क्रूने दाबून धरणारं निपल रस्त्यात अडकल्यावर घर गाठण्यापुरतं ठीक असतं. कायम ठेवलं तर स्क्रू तारेचे धागे एकेक करून कापत जातो. तेलाचंही तसंच. जुन्या पोलादी वेटोळ्याच्या आवरणात पातळ तेलाचे थेंब चालतात, पण आत नायलॉनचं अस्तर असेल तर ग्रीस भरू नका. सिंहस्थ २०२८ च्या कामांमुळे शहरात धुळीची कमतरता नाही, आणि ती काळी धूळ ग्रीसमध्ये बसली की केबल आतून घासली जाते.

लांबीइतकीच महत्त्वाची असते लिव्हरची त्रिज्या. कार्ब्युरेटरच्या लिव्हरवर केबल शाफ्टपासून लांबच्या भोकात बसवली तर पेडल हलकं लागतं, पण पट्टी पूर्ण उघडत नाही. जवळच्या भोकात बसवली तर पेडलला पाय लावताच गाडी झेपावते. पेडलची पूर्ण चाल आणि पट्टीची पूर्ण चाल एकाच वेळी संपायला हवी. हे साधेपर्यंत दोन-तीनदा उघडझाप करावी लागते. मजुरी आकारली जाते ती याच कामाची.

परतीच्या स्प्रिंगा : इथे काटकसर नको

रेसला निदान दोन स्प्रिंगा असाव्यात आणि त्या वेगवेगळ्या ठिकाणी अडकवलेल्या असाव्यात. एक तुटली तर दुसरीने थ्रॉटल मिटवला पाहिजे. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा नियमांत ही अट १९७३ पासून आहे : थ्रॉटल परत आणणारे किमान दोन स्वतंत्र स्रोत हवेत. आपल्या रस्त्यावरच्या बऱ्याच जुन्या गाड्या त्याआधीच्या आराखड्याच्या असल्याने त्यांत एकच स्प्रिंग सापडते. दुसरी बसवायला शंभर रुपयेसुद्धा लागत नाहीत. मात्र हाताला लागेल ती जाड स्प्रिंग लावू नका. पेडल जड होतं आणि शाफ्टचे बुश एकाच बाजूने झिजतात.

किकडाउन : धोका कुणाला, गैरसोय कुणाला

ऑटोमॅटिक गाड्यांच्या मालकांनी हा भाग नीट वाचावा. किकडाउनची जोडणी तुटलेली किंवा चुकीची असेल तर काही गियरबॉक्स फक्त रुसतात, पण काही जळतात. आपला कोणता, हे आधी ओळखा.

जे जळतात ते : क्रायस्लरचा टॉर्कफ्लाइट, जनरल मोटर्सचा १९८२ पासूनचा ७००आर४, फोर्डचा १९८० पासूनचा एओडी आणि अनेक इंग्लिश गाड्यांत बसवलेला बोर्ग-वॉर्नर ३५. यांच्यात सळई किंवा केबल नुसती गियर उतरवत नाही. पेडल किती दाबलं आहे त्यानुसार गियरबॉक्समधल्या तेलाचा दाबही तीच ठरवते. जोडणी ढिली असेल तर इंजिन पूर्ण जोर लावतं, पण क्लचप्लेटना दाब अपुरा मिळतो. प्लेटा घसरतात आणि थोड्याच अंतरात जळतात. यांपैकी कुठल्याही गाडीची जोडणी निसटली असेल तर ती चालवत इंदूरला नेऊ नका. फ्लॅटबेडवर चढवून न्या.

ज्यांची फक्त गैरसोय होते ते : जनरल मोटर्सचा टर्बो-हायड्रामॅटिक ३५० आणि फोर्डचे सी ४, सी ६. यांच्यात तेलाचा दाब इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारा मॉड्युलेटर ठरवतो. केबल किंवा सळई फक्त गियर उतरवण्यासाठी असते. ती तुटली तर ओव्हरटेकला झेप मिळत नाही, एवढंच. टर्बो-हायड्रामॅटिक ४०० मध्ये सळईच नसते, पेडलवरून विजेचा स्विच काम करतो. तिथे फ्यूज, वायर आणि स्विच तपासायचा.

डब्ल्यू १२३ मर्सिडीजमध्ये व्हॅक्यूम मॉड्युलेटर आणि पेडलच्या शेवटी दाबला जाणारा किकडाउनचा स्विच असतो. आधी थ्रॉटल पूर्ण उघडला पाहिजे आणि त्यानंतरच स्विच दाबला गेला पाहिजे. क्रम उलटा झाला तर झेप घेताना गाडी अडखळते. डिझेल मर्सिडीजमधले गियरचे झटके पुष्कळदा व्हॅक्यूमच्या तडकलेल्या रबरी नळीमुळे येतात. नळी मीटरवर मिळते आणि स्वस्त असते.

मॉड्युलेटरची आणखी एक खूण लक्षात ठेवा. पेट्रोल गाडीच्या धुराड्यातून एकाएकी दाट पांढरा धूर येऊ लागला आणि गियरबॉक्सचं तेल कमी होऊ लागलं, तर मॉड्युलेटरचा पडदा फाटला असण्याची शक्यता मोठी. इंजिन त्या नळीतून गियरबॉक्सचं तेल ओढून जाळतं. कुणी इंजिन उतरवण्याची भाषा काढली तर आधी मॉड्युलेटरची नळी काढून बघायला सांगा. आत लाल तेल दिसलं की निदान झालं.

कुठलीही जुळवणी करण्याआधी गियरबॉक्सच्या तेलाची पातळी गाडी गरम आणि इंजिन चालू असताना बघतात. जनरल मोटर्स आणि मर्सिडीजमध्ये ‘पार्क’मध्ये, टॉर्कफ्लाइटमध्ये ‘न्यूट्रल’मध्ये. तेल काळं पडलं असेल, जळका वास येत असेल, तर केबल बदलून काही साधणार नाही. तिथे खर्चाचा वेगळा विचार करावा लागतो.

क्रम चुकला की काम दुप्पट

मिस्त्री कितीही हुशार असला तरी त्याने हा क्रम पाळला पाहिजे, आणि तुम्हीही तो तसा सांगून ठेवा :

१. इंजिनचे फाउंडेशन ठीक करा.
२. कार्ब्युरेटर साफ करून, चोक पूर्ण उघडा ठेवून, इंजिन गरम असताना आयडलिंग लावा.
३. पेडल तळाला आणि पट्टी पूर्ण उघडी, हे साधा.
४. परतीच्या दोन्ही स्प्रिंगा लावून पट्टी झटकन मिटते का, पाहा.
५. किकडाउन सर्वांत शेवटी लावा.

पुढे कधीही आयडलिंग बदललं किंवा कार्ब्युरेटर नवा बसवला, तर किकडाउन पुन्हा लावावंच लागतं. नव्या कार्ब्युरेटरच्या लिव्हरची त्रिज्या जुन्याइतकी नसते. केबल वरवर बसलेली दिसते, पण ओढ कमी पडते. टॉर्कफ्लाइट किंवा ७००आर४ असेल तर कार्ब्युरेटर बदलल्यानंतर काही दिवसांतच गियरबॉक्सचं काम निघतं आणि या दोन घटनांचा संबंध कुणी लावत नाही.

खर्चाचा अंदाज

खालचे आकडे उज्जैन-इंदूर भागात बजेट बांधायला उपयोगी पडतील असे ढोबळ अंदाज आहेत. गाडीची अवस्था, भाग मिळण्याची अडचण आणि मिस्त्रीचा हात यांनुसार ते वरखाली होतील.

साध्या हातगियरच्या गाडीसाठी :

– परतीची स्प्रिंग : ३० ते १०० रुपये नग
– तयार रेस वायर : २०० ते ६०० रुपये
– मापाने बनवलेली, झाळलेल्या निपलची केबल : ४०० ते १,००० रुपये
– बॉल जॉइंट किंवा रॉड एंड : १०० ते ३०० रुपये नग
– लेथवर पितळी बुश करून घेणं : ३०० ते ७०० रुपये नग
– इंजिनचं फाउंडेशन रबर : ३०० ते १,००० रुपये नग
– कार्ब्युरेटरच्या शाफ्टला नवे बुश : १,५०० ते ३,५०० रुपये
– स्टिअरिंगवरच्या गियरचे बुश आणि जुळवणी : १,२०० ते ३,००० रुपये
– मजुरी : अर्धा दिवस ५०० ते १,००० रुपये, पूर्ण दिवस १,००० ते २,००० रुपये

ऑटोमॅटिक गाडीसाठी याशिवाय :

– व्हॅक्यूमची नळी : १०० ते ३०० रुपये
– किकडाउनचा स्विच, वायर, रिले : ५०० ते १,५०० रुपये, मूळ कंपनीचा स्विच मागवला तर त्याच्या कित्येक पट
– गियरबॉक्सचं तेल : ४०० ते ९०० रुपये लिटर
– तेलाचा दाब मोजून केबल लावणं, जाणकाराकडून : २,००० ते ५,००० रुपये
– बाहेरून मागवलेला केबलचा संच, वाहतूक आणि जकात धरून : १२,००० ते २५,००० रुपये
– उज्जैनहून इंदूरपर्यंत फ्लॅटबेड : ३,००० ते ५,००० रुपये

यावरून तीन बेरजा निघतात. रेस जड आहे किंवा परत येत नाही, एवढीच तक्रार असेल तर केबल, दोन स्प्रिंगा आणि अर्ध्या दिवसाची मजुरी मिळून १,००० ते २,५०० रुपयांत काम व्हायला हवं. सांधे, बुश, फाउंडेशनसह सगळी जोडणी नवी करायची तर ५,००० ते १०,००० धरा. परदेशी ऑटोमॅटिकची रेस आणि किकडाउन दोन्ही नव्याने बसवायची असतील तर २०,००० ते ४५,००० रुपये तयार ठेवा. गियरबॉक्स उघडण्याचा खर्च यात नाही. तो लाखाच्या पुढे जातो आणि भाग बाहेरून येईपर्यंत गाडी महिनोन्‌महिने गॅरेजात उभी राहते. हे आकडे समोर ठेवले की केबलच्या जुळवणीला दिलेले पाच हजार महाग वाटत नाहीत.

कोणतं काम कुठे?

हातगियरच्या गाडीचं जवळजवळ सगळं काम उज्जैनमध्येच होऊ शकतं. फ्रीगंजातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात नुसतं ‘थ्रॉटल लिंकेज’ म्हटलं तर समोरचा गोंधळेल. जुना भाग हातात घेऊन जा आणि ‘रेस की तार’, ‘रेस का बॉल जॉइंट’ मागा. तयार भाग मिळाला नाही तर मापावरून करून घ्या. मक्सी रोडची उद्योगपुरी किंवा देवास रोडवरची नागझिरी इथे लेथची कामं होतात. ६ मिलिमीटरचा रॉड एंड बेअरिंगच्या दुकानात मिळतो. तो अ‍ॅम्बॅसेडरसाठी बनवलेला नसतो, पण काम अगदी नेटकं करतो.

अ‍ॅम्बॅसेडर आणि पद्मिनीचे मूळ भाग इंदूर, दिल्लीचं काश्मिरी गेट, पुण्याची नाना पेठ आणि मुंबईत कुर्ला इथल्या जुन्या दुकानांतून आजही निघतात. पुण्या-मुंबईचे नातेवाईक सणाला येणार असतील तर नमुन्याचा फोटो आणि मापं आधी पाठवून ठेवा. नुसतं गाडीचं नाव सांगू नका. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक कार्ब्युरेटर आणि लिव्हर बदलत गेले आहेत.

ऑटोमॅटिकसाठी इंदूर गाठावं, जेमतेम ५५ किलोमीटर. पण नुसतं ‘ऑटोमॅटिक करतो’ या उत्तरावर गाडी सोडू नका. दोन प्रश्न विचारा : ‘तेलाचा दाब मोजायचं गेज आहे का?’ आणि ‘या गियरबॉक्सची केबल दाब ठरवते की फक्त गियर उतरवते?’ दुसऱ्या प्रश्नावर जो ‘बघून सांगतो’ म्हणेल आणि खरंच पुस्तक उघडेल, त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. जो ‘सब एक ही होता है’ म्हणेल, त्याच्याकडून निघा.

बाहेरून मागवायचं ठरलं तर अमेरिकन गियरबॉक्ससाठी लोकारसारख्या कंपन्या थ्रॉटल आणि किकडाउनच्या तयार केबल बनवतात. मागणी नोंदवताना तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत : गियरबॉक्सचं मॉडेल, कार्ब्युरेटरचं मॉडेल आणि ब्रॅकेट. बरेच जण नुसती केबल मागवतात आणि ब्रॅकेटसाठी दुसरं पार्सल येतं, म्हणजे वाहतूक आणि जकात दोनदा. कुरिअर कंपनीकडून जकात आणि तिचं हाताळणी शुल्क लेखी विचारून घ्या. डॉलरमधली किंमत दिसायला लहान असते, दारात येईपर्यंत ती दुप्पट होऊ शकते.

बिल, हमी आणि नोंदणी

काम सुरू होण्याआधी कागदावर तीन ओळी लिहून घ्या : काय बदलणार, मजुरी किती आणि शेवटी काय दाखवणार. शेवटची ओळ मुख्य. ‘पेडल तळाला असताना पट्टी पूर्ण उघडी आणि सोडल्यावर पूर्ण मिटलेली दाखवणार’ एवढं लिहिलं तरी पुरे. गाडी परत घेताना इंजिन बंद ठेवून ते स्वतः बघा आणि मगच पैसे द्या. जुने भाग मागून घ्या. पुढच्या वेळी नमुना म्हणून तेच उपयोगी पडतात.

वाहनांच्या सुट्या भागांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी बऱ्याच भागांवर तो २८ टक्के होता. जुन्या दराने बिल आलं तर दुरुस्त करून घ्या. नोंदणी नसलेला छोटा मिस्त्री जीएसटी आकारू शकत नाही, पण साधी सही-शिक्क्याची पावती जरूर देऊ शकतो. तक्रारीची वेळ आलीच तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे आणि तिथे पहिला प्रश्न पावतीचाच येतो.

पन्नास वर्षांहून जुनी गाडी विंटेज म्हणून नोंदवायचा विचार असेल तर २०२१ चे केंद्रीय नियम पाहा. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नूतनीकरणाला ५,००० रुपये, नोंदणीची मुदत दहा वर्षं. चासी, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठा बदल नको, आणि अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. रेसची केबल बदलली म्हणून नोंदणी अडत नाही. पण प्रदर्शनात गाडी उभी करायची असेल तर परीक्षक बॉनेटखाली बघतात. म्हणून मूळ सळया काढल्या तरी तेल लावून, कापडात गुंडाळून, मापाच्या कागदासह डिकीत ठेवा.

कधी खर्च करू नये

रेस थोडी जड आहे पण पट्टी पूर्ण उघडते आणि झटकन मिटते, तर दुसरी स्प्रिंग लावून बाकी तसंच राहू द्या. टर्बो-हायड्रामॅटिक ३५० ची किकडाउन केबल तुटली आहे आणि गाडी वर्षातून दोनदा लग्नाच्या वरातीला निघते, तर बारा हजारांची केबल मागवण्याची घाई नको. नवऱ्यामुलाला ओव्हरटेक करायचं नसतं. उलट टॉर्कफ्लाइट, ७००आर४ किंवा बोर्ग-वॉर्नर ३५ असेल तर नव्या रंगाचे, नव्या सीटचे, क्रोमचे सगळे पैसे थांबवा आणि आधी ही केबल लावा.

वर्षातून एकदा, उन्हाळा संपल्यावर, पायपुसणं ते फाउंडेशन ही तपासणी घरीच करा. सांध्यांना तेलाचा थेंब द्या, स्प्रिंगांचे आकडे झिजलेत का बघा, केबलच्या टोकाला एखादा धागा सुटलेला दिसला तर ती त्याच आठवड्यात बदला. तार एकेका धाग्याने तुटते. पहिला धागा दिसला तेव्हाच बदलली तर काम हजाराच्या आत उरकतं, आणि शेवटचा धागा तुटेपर्यंत थांबलात तर इंदूर रोडवरून टोइंगचं भाडं त्यात मिळवा.